ऑगस्टचे आभार

३१ डिसेंबर, सकाळ
कामाच्या खोलीतून

प्रिय धाकटोबा यास,

थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. तू मागितले नाहीस, ठाऊक आहे. पण आशीर्वाद परत पाठवायची सोय अजून कुठल्याही टपालखात्याने केलेली नाही, तेव्हा ठेवून घे. तुम्हां सगळ्यांची तब्येत चांगली असेल अशी आशा करायची पद्धत आहे. मला आशा करावी लागत नाही. तुझी लेक दर बुधवारी फोन करून सगळं सांगते. चिमणीवर रागावू नकोस. प्रत्येक घरात एक फितूर लागतो, नाहीतर नातेवाइकांचं एकमेकांशी बोलणं बंद झाल्यावर बातम्या पोचणार कशा?

मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण तो माझ्यावरच गेलाय. आधी तक्रार करतो आणि मग कामाला लागतो. आमचे गृहस्थ निवृत्त झाल्यापासून घरातल्या वस्तू दुरुस्त करत सुटले आहेत. ज्या बिघडलेल्या नव्हत्या त्यांचीही आता धडगत नाही. कवळ्यांचं काम जोरात आहे. लोकांचे दात पडायचे थांबत नाहीत आणि दात नसताना हसायची लोकांना लाज वाटायची थांबत नाही, या दोन गोष्टींवर आपल्या घरची चूल दोन पिढ्या पेटली आहे.

पत्र कशाचं, हे तू तारीख बघूनच ओळखलं असशील. वर्षाचा शेवटचा दिवस. बाबांची यादी.

तू विसरला असशील म्हणून नाही, मी विसरलेले नाही हे तुला कळावं म्हणून नियम पुन्हा लिहिते. आज सकाळी आधी साचे फोडायचे. दोन वर्षांहून जुना प्लास्टरचा साचा, मग तो कुणाच्याही तोंडाचा असो, हातोडीखाली गेला पाहिजे. ‘तोंड बदलतं,’ बाबा म्हणायचे, ‘हिरडी झिजते, हाड बसतं. जुन्या साच्यावर केलेली कवळी साच्याला बसेल, माणसाला नाही.’ मग अंगावरची पांढरी भुकटी झटकायची, हात धुवायचे आणि वर्षभरातल्या बारा गोष्टींचे आभार लिहायचे, महिन्याला एक. देव, आरोग्य आणि कुटुंब यादीत चालणार नाही. ‘त्यांच्या दारात आधीच रांग आहे. ज्यांच्याकडे कोणी जात नाही अशांचे आभार माना.’ म्हणून तू सहावीत असताना बुटाच्या नाडीचे मानले होतेस आणि मी हसून हसून खुर्चीवरून पडले होते.

आई कधी लिहायची नाही. म्हणायची, ‘माझी यादी स्वयंपाकघरात आहे. भुका लागल्या की वाचा.’

बाबा गेल्यावरही आपण चाळीस मिनिटांच्या अंतरावर राहून एकमेकांना टपालाने याद्या पाठवत आलो. गेल्या वर्षी तुझं पाकीट आलं नाही. माझंही गेलं नाही. आईला जाऊन पाच आठवडे झाले होते आणि आपण बोलत नव्हतो. त्याबद्दल मला आज काही लिहायचं नाही. मला यादी लिहायची आहे. चिमणी म्हणाली की तुझी बदली झाली, पंधरा जानेवारीला तू बिऱ्हाड घेऊन त्या लांबच्या शाखेत चाललास, रेल्वेने दीड दिवस. म्हणजे हे पाकीट आत्ता नाही पडलं तर पुढच्या वर्षी मी ते एका अशा घरावर पाठवीन जिथे तू नसशील. तशी वेंधळी मी नाही.

तर.

जानेवारीचे आभार दाराच्या बिजागरीला. आपल्या जिन्यावरचं दार नऊ वर्षं किंचाळत होतं, आठवतंय ना? गृहस्थांनी दुरुस्तीच्या भरात त्याला तेल घातलं. दार गप्प झालं. तिसऱ्या दिवशी गृहस्थ कासावीस होऊन कामाच्या खोलीत आले. ‘तू आत केव्हा आलीस, कळलंच नाही!’ नऊ वर्षं हा माणूस पेपरमधून डोकं वर न काढता त्या किंचाळण्यावर माझी हजेरी लावत होता. आता बिचाऱ्याला उठून बघावं लागतं. बघितल्यावर काहीतरी बोलावं लागतं. लग्नाला सव्वीस वर्षं झाल्यावर आम्ही संध्याकाळी गप्पा मारायला लागलो आहोत, आणि कारण काय, तर दोन थेंब तेल.

फेब्रुवारीचे बसवाल्याला. मी धावत येताना दिसले की तो थांबायचा, पण हसून कधी ओळख दाखवायचा नाही. मला वाटायचं, काय गर्विष्ठ माणूस! फेब्रुवारीत एका कुत्र्याने रस्त्यात अशी काही कसरत केली की त्याला हसू आवरेना, आणि समोरचे चारही दात नाहीत हे मला दिसलं. मी तिथल्या तिथे म्हणाले, ‘अहो, हे आधी सांगायचं नाही का?’ तो म्हणाला, ‘बाई, तुम्ही दात करता हे तुम्ही तरी कुठे सांगितलंत?’ दातांच्या डॉक्टरीणबाईंनी माप घेतलं, मी दात केले. आता तो प्रत्येक थांब्यावर प्रत्येकाकडे बघून हसतो आणि बस रोज आठ मिनिटं उशिरा पोचते. लोक शिव्या देतात. मी खिडकीबाहेर बघते.

मार्च: चष्मा. हो, लावला. तू दोन वर्षं कानीकपाळी ओरडत होतास. (ओरडत कसला, तू ग्रंथपाल, तू भांडतोस तेसुद्धा वाचनालयात बसल्यासारखा.) ‘ताई, तू आता दात चाचपून करतेस, बघून नाही.’ मी म्हणायचे, माझ्या बोटांना डोळे आहेत. मार्चमध्ये मी चहात साखर म्हणून प्लास्टरची भुकटी घातली. आपल्या कामाच्या खोलीतल्या पॉलिशवाल्या मावशी शांतपणे म्हणाल्या, ‘बाई, पिऊन दहा मिनिटं बसून राहा, तुमच्या पोटाचा सुरेख साचा मिळेल.’ दुसऱ्या दिवशी जाऊन चष्मा आणला. चष्म्याने सगळं स्वच्छ दिसतं हा काही निव्वळ फायदा नाही. स्वतःच्या गळ्याकडे मी आता आरशात बघत नाही.

एप्रिल, रबरी वाटी. प्लास्टर कालवायची ती हिरवी, बाबांच्या वेळची. कितीही प्लास्टर सुकून बसलेलं असो, वाटी दाबली की सगळं सुटून पडतं आणि वाटी जशीच्या तशी. तिच्याकडे बघून मला काही बायका आठवतात ज्यांना हे जमतं. मी त्यांतली नाही.

मेचे तुझ्या नव्या दाताला. सांगू नये असं चिमणीने बजावलं होतं, पण मी काय शपथ घेतली नव्हती. आपल्या घरात दोन पिढ्या दात तयार होतात, आणि माझ्या सख्ख्या भावाचा वरचा दात पडतो आणि तो कुठे जातो? परक्याकडे! ‘आत्या, बाबांचा दात पेटीच्या पट्टीसारखा दिसतो गं, पांढराफटक,’ चिमणी म्हणाली. मी त्या दिवशी सगळ्यांवर खेकसत होते. मावशी म्हणाल्या, ‘भावाने वाळीत टाकलं ते चाललं, पण दात दुसरीकडे केला ते लागलं तुम्हाला.’ मी म्हणाले, ‘धंद्याच्या अब्रूचा प्रश्न आहे.’ त्या म्हणाल्या, ‘असेल बाई.’ तर आभार एवढ्यासाठी, की त्या दातामुळे मला कळलं, मी तुझ्यावर रागावलेली नाही. रागावलेल्या माणसाला दुसऱ्याच्या दाताचा रंग कशाला टोचेल?

जून: बुधवार. फितुराचा वार. याहून जास्त लिहीत नाही, पोरगी बिघडेल.

जुलैत कशाचेच आभार मानावेसे वाटले नाहीत. बाबांचा दंडक होता की कोरा महिना कोरा ठेवायचा. खोटे आभार हे खोटे दात, आणि ते आपण फक्त गिऱ्हाइकासाठी करतो.

ऑगस्टचं नंतर.

सप्टेंबरात आमची लिफ्ट तीन आठवडे बंद होती. गुडघ्याने मला जी भाषा ऐकवली ती इथे लिहिता येणार नाही. पण जिन्याचं मधलं वळण, तिथे जी रुंद पायरी आहे ना, त्या पायरीचे आभार. तिच्यावर सगळी इमारत दम खायला थांबते. चौथ्या मजल्यावरचे हिशेबनीस, ज्यांच्याशी माझं पाण्याच्या टाकीवरून वाजलं होतं, ते आणि मी तिथे रोज एकदम पोचायचो. धापा टाकणाऱ्या माणसांना अबोला धरता येत नाही, श्वास पुरत नाही. आठव्या दिवशी ते म्हणाले, ‘टाकीचं तुमचंच बरोबर होतं.’ मी म्हणाले, ‘मला माहीत आहे.’ आमचे गृहस्थ नंतर म्हणाले, ‘अगं, तिथे “माझंही थोडं चुकलं” असं म्हणायचं असतं.’ मला खरंच सुचलं नाही, धाकटोबा. माझं कधी चुकत नाही ना.

ऑक्टोबर. एक निवृत्त मुख्याध्यापक कवळी न्यायला आले. बसवली, आरशात बघितलं, आणि खिशातून सफरचंद काढलं. अख्खं. कापलेलं नाही, सोललेलं नाही. म्हणाले, ‘चार वर्षं वाट बघतोय,’ आणि माझ्यासमोर कचकन चावा घेतला. खोलीभर तो आवाज झाला. तोंडातून रस गळतोय, डोळ्यांतून पाणी गळतंय, आणि मुख्याध्यापक चावताहेत. मावशी टाळ्या वाजवायला लागल्या. मी आत गेले. मावशी मागोमाग आल्या तर मी म्हणाले, डोळ्यात पॉलिशची धूळ गेली. ‘चष्मा असताना?’ मावशी म्हणाल्या.

आभार त्या आवाजाचे.

नोव्हेंबर: आईच्या खुर्चीतली उशी, जी चिमणीने मला आणून दिली. तिच्यात आईच्या पाठीचा खड्डा आहे. तेरा महिने झाले, अजून आहे. यावर मला काही विनोद सुचलेला नाही.

डिसेंबरचे पॉलिशवाल्या मावशींना. मला माहीत आहे, त्या आता घरच्याच झाल्या आहेत आणि कुटुंब चालत नाही. मग त्यांच्या तोंडाचे मानते. परवा मी ही यादी लिहीत होते, तर कवळी घासता घासता त्यांनी विचारलं, ‘किती झाले?’ म्हटलं, नऊ झाले, जुलै कोरा आहे. ‘मग ऑगस्ट?’ मी पेनला टोपण लावलं. ‘बाई, मी तिथे होते ऑगस्टमध्ये. हातोडी माझ्या हातात होती. तुम्ही नाही लिहिलंत तर मी तुमच्या भावाला कळवीन, आणि माझं शुद्धलेखन तुम्हाला ठाऊक आहे.’

ठीक आहे. ऑगस्ट.

गेल्या वर्षअखेरीला मी साचे फोडले नव्हते. आई नुकतीच गेलेली, हातोडी उचलावीशी वाटली नाही. ऑगस्टपर्यंत मागची फळी प्लास्टरच्या ओझ्याने इतकी वाकली की एका दुपारी तिने खिळे सोडले. तीसचाळीस जबडे जमिनीवर. मावशी म्हणाल्या, चला, आता फोडायचे कष्ट अर्धेच उरले. खाली बसलो. एकेक साचा उलटा करायचा, तळावरची पेन्सिलने घातलेली तारीख मी वाचायची, जुना असला की मावशींनी घाव घालायचा. चष्मा असल्यामुळे काम भराभर चाललं होतं.

एक साचा मावशींनी उचलला. ‘हाही फोडू?’

मी तळ बघितला. बाबांचं अक्षर. ‘आमच्या बाई’ असं लिहिलेलं आणि खाली तारीख. बाबा जायच्या आदल्या वर्षाची. आठ वर्षांपूर्वीची.

ज्या माणसाने गावातल्या प्रत्येकाचं तोंड दोन वर्षांत फोडलं, त्याला बायकोचं फोडता आलं नव्हतं. फळीवर मागे सारून ठेवलं होतं. नियम करणाऱ्याने एकदाच नियम मोडला आणि तो मला नेमका नडला.

कारण तो साचा मी ओळखला, धाकटोबा. हाताने ओळखला. आईची जुनी कवळी धुताना पडून दुभंगली ना, गेल्या वर्षी जानेवारीत, तेव्हा मी नवीन तीन दिवसांत करून दिली होती. किती मिरवलं होतं मी ते! लोक तीन आठवडे थांबतात, माझ्या आईला तीन दिवसांत! तीन दिवसांत कशी झाली? कारण मी तिला माप द्यायला डॉक्टरीणबाईंकडे नेलं नाही. कामाचा रेटा होता. फळीवर हात घातला, आईचा साचा हाताला लागला, मला वाटलं दोनेक वर्षांपूर्वी मीच केलेला. माझा साचा बाबांनी केलेल्यासारखा गुळगुळीत निघालाय याचाच मला अभिमान वाटला. तळ बघितला नाही. बघितला असता तरी वाचता आला नसता. चष्मा लावायचा नव्हता ना मला. माझ्या बोटांना डोळे होते.

मी उठले. खणातून ती डबी काढली, आईला पोचवून आल्यावर तू माझ्या हातात दिलेली. नऊ महिने मी ती उघडली नव्हती. कवळी काढली आणि साच्यावर ठेवली.

चपखल बसली. खटकन. केसाचीही फट नाही. तुला सांगते, इतकं अचूक काम मी आयुष्यात दुसरं केलेलं नाही. आठ वर्षांपूर्वीची आई असती तर तिने त्या दातांनी अक्रोड फोडले असते.

आजारपणात तिचं पंधरा किलो वजन उतरलं होतं. तिच्या हिरड्यांचं काय झालं असेल ते मी सांगायची गरज नाही. आपल्या घरात ते शेंबड्या पोरालाही कळतं. कळलं नाही ते धंदा चालवणारीला.

तू मेमध्ये फोन केला होतास. गेल्या वर्षीचा मे म्हणते मी. ‘ताई, आईला ते दात टोचतात.’ बस, एवढंच बोललास, नेहमीच्या आवाजात. मी रविवारी तणतणत तुमच्या घरी आले. तू स्वयंपाकघरात तिच्यासाठी सफरचंद किसत होतास. आईला सफरचंद अख्खं खायला आवडायचं, आपल्याला फोड मागूनही मिळायची नाही, आणि तू ते वाटीत किसत होतास. मी दारातूनच म्हणाले, ‘तिला तान्हं बाळ करून ठेवलंयस! माझे दात आहेत तिच्या तोंडात, शोभेच्या वस्तू नाहीत.’ मग आईला विचारलं, ‘टोचतात का गं?’ ती म्हणाली, ‘छे! कोण म्हणतं?’ मी बिस्कीट पुढे केलं. तिने ते माझ्यासमोर चावून दाखवलं. सगळं. हसत. मी तुझ्याकडे बघितलं, ‘आता बोल’ अशा नजरेने.

तू वाटी उचलून आत ठेवलीस.

ते बिस्कीट ती कशी चावत होती हे मला आता दिसतं. उजव्याच बाजूने. मी दातांचं काम करते, माणूस कुठल्या बाजूने चावतो हे मला रस्त्यात कळतं. त्या दिवशी मी आईच्या तोंडाकडे बघतच नव्हते. तुझी जिरली की नाही ते बघत होते.

आणि नोव्हेंबरात, पोचवून आल्यावर, तू ती डबी माझ्या हातात दिलीस. ‘घे ताई. तिने तुझ्यासाठीच घातले होते.’ मला तो टोमणा वाटला. सगळ्यांसमोर मी जे बोलले ते तुला पाठ असेल, मला आहे. ‘तुला आईला दोन घास नीट भरवता आले नाहीत, म्हणून माझ्या कामाला नावं ठेवतोस?’ दहा महिने दिवसातून चार वेळा भरवणाऱ्या माणसाला मी हे म्हणाले. मी रविवारी दोन तास यायचे.

मी यायची वेळ झाली की ती दात घालायची आणि मी जिना उतरले की काढून ठेवायची, हे चिमणीने मला नंतर सांगितलं, मी खोदून विचारल्यावर. तुला तिने शपथ घातली होती म्हणे. ‘पोरीने हौसेने केलेत, तिला कळता कामा नये.’ म्हणजे तुझं ते वाक्य टोमणा नव्हताच. नुसती बातमी होती. तू काय झालं ते सांगत होतास.

आई हृदयाने गेली, दातांनी कोणी जात नाही. हे मला डॉक्टरांनी सांगायला नको. मी काही छाती पिटून घेणाऱ्यांतली नाही आणि तुलाही ते आवडणार नाही. पण अख्ख्या सफरचंदाशिवाय तिने शेवटचे दहा महिने काढले ते माझ्यामुळे. हे माझं आहे. हे मी कुणाला वाटून देणार नाही.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते.

कवळी साच्यावरून काढली आणि आतली बाजू उजेडाकडे धरली. डावीकडे, अगदी मागे, खरवडलेलं होतं. पॉलिश उडालेलं, आडवे-उभे ओरखडे, एका ठिकाणी जास्तच खोल गेलेलं. मावशींनीही बघितलं. ‘हे कुण्या गाढवाने केलं?’ म्हणाल्या. आमच्याकडे घासायला यंत्र आहे, बारीक पाती आहेत. असलं गचाळ घासकाम करणाऱ्याला बाबांनी खोलीच्या बाहेर उभं केलं असतं.

आणि केलंच होतं की! तू दहा वर्षांचा होतास. भिंतीवर खिळे होते, बाबांचे आणि माझा. ज्याला अवजार चालवता येईल त्याचा खिळा. तू रडून खिळा मागितलास. बाबा म्हणाले, ‘तुझं अवजार दाखव.’ तू खिशातून नखं घासायची कानस काढलीस, ती आईची, निळ्या मुठीची, जी तू तेव्हापासून आजपर्यंत खिशात बाळगतोस. आम्ही दोघं किती हसलो. ‘जा, नवरदेव, नखं घास!’ असं मी म्हणाले होते. तू परत त्या खोलीत कधी काम शिकायला आला नाहीस. पुस्तकांकडे गेलास.

ओरखडे मी ओळखले. यंत्राचे असे उमटत नाहीत. नखांच्या कानशीचेच उमटतात.

तू तिला खुर्चीत बसवलं असशील. कुठे टोचतं ते बोट लावून विचारलं असशील. थोडं घासायचं, धुवायचं, तोंडात घालून बघायचं, पुन्हा काढायचं, पुन्हा घासायचं. किती दिवस चाललं असेल ते मला ओरखड्यांच्या खोलीवरून कळतं: बरेच. आणि धाकटोबा, जागा अचूक होती. जिथे घासायला हवं होतं बरोबर तिथेच घासलं होतंस, कुणी शिकवलं नसताना. तू तिच्या तोंडाचं माप घेतलं होतंस. घरात दातांचा धंदा करणारी मी, आणि माप तू घेतलंस.

तर ऑगस्टचे आभार: नखं घासायची कानस, निळ्या मुठीची. बाबांच्या नियमात बसते. तिच्याकडे कोणी जात नाही, आणि गेलं होतं ते फक्त हसायला.

चुकलं. माझं चुकलं. दोन वेळा लिहिलं, कारण पहिल्यांदाचं अक्षर नीट आलेलं नाही. सप्टेंबरमध्ये हिशेबनिसांना म्हणायला सुचलं नाही ते हेच. तुझ्यासाठी राखून ठेवलं होतं असं समज. चार महिने का थांबले असं विचारशील. मी रोज वाट बघत होते की तू भांडायला येशील आणि भांडणात मला ते सहज बोलून टाकता येईल. तू काही भांडायला येणाऱ्यांतला नाहीस. तेव्हा हा अंगाला न शोभणारा समंजस मार्ग.

आज सकाळी आम्ही यंदाचे साचे फोडले. ‘आमच्या बाई’ तेवढा फळीवर आहे. मावशींनी हातोडी पुढे केली, मी नाही म्हणाले. तो तुझ्यासमोर फोडायचा की बाबांसारखं मागे सारून ठेवायचा, हे तू आणि मी मिळून ठरवू. मी एकटीने ठरवलेल्या गोष्टींचं काय होतं ते आपण बघितलंच आहे.

पंधरा तारखेच्या आत ये. सामान बांधायला माणसं मिळतात. तुझा तो पेटीच्या पट्टीचा दात मी काढून फेकणार आहे. नव्याने माप घेतल्याशिवाय हात लावणार नाही, भिऊ नकोस, चष्माही लावीन. तुला अर्धा तास तोंड उघडं ठेवून बसावं लागेल आणि मी अर्धा तास बोलेन, म्हणजे आपल्या दोघांच्याही सवयीत काही फरक पडायचा नाही. मग तुझी यादी वाच. गेल्या वर्षीचीही आण. तू पाठवली नाहीस, पण लिहिली असणार. मी तुला ओळखते.

आणि येताना कानस आण. भिंतीवर माझ्या अवजारांच्या शेजारी मी आज एक खिळा ठोकला आहे. मावशींनी दोनदा सरळ करायला लावला. त्यावर दुसरं काही टांगायची कुणाला परवानगी नाही.

तुझी,
रविवारी दोन तास येणारी,
ताई